शेंदुराची पाच बोटं
दसऱ्याला आई तेलात शेंदूर कालवायला बसली, की त्या वासाने मला आमची पहिली गाडी आठवते. घरातला पहिला पदवीधर म्हणून मला नोकरी लागली आणि अंगणात ती जुनी गाडी उभी राहिली. आईने बॉनेट उघडायला लावलं आणि इंजिनाच्या कडेच्या काळ्या झाकणावर, अगदी त्याच्या बोल्टांवरून, शेंदुराची पाच बोटं ओढली. पुढे उन्हाळ्यात टायमिंग बेल्ट बदलायचा होता, तेव्हा गाडी गॅरेजवाल्या काकांकडेच दिली. कॉलेजात असताना माझी एसटी चुकली की तेच मला भर पावसात स्कूटरवरून सोडायचे. संध्याकाळी त्यांनी भेगाळलेला बेल्ट माझ्या हातात ठेवला. "हा बघ तुझा जुना. नवा टाकलाय, आता बिनघोर फिर." मी त्यांच्या पाया पडलो. महिन्याभरात आई शेजारी बसलेली असताना आरे-वारेच्या चढावर गाडी एकदम बंद पडली. गावातून बोलावलेला मेकॅनिक म्हणाला, "बेल्ट तुटलाय वाटतं. हे झाकण खोलल्याशिवाय दिसायचा नाय." आई वाकून बघत होती. "अगो बाई, माझी बोटं तशीच आहेत! बोल्टावरचा शेंदूरसुद्धा हललेला नाय बघ." ती हरखली होती. ते झाकण कुणी उघडलंच नव्हतं. मला दाखवलेला बेल्ट दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता. आईला मी अजून सांगितलेलं नाही. दर दसऱ्याला ती मला काकांकडे सोनं द्यायला पाठवते, आणि मी आपट्याचं पान त्यांच्या हातावर ठेवतो आणि पाया न पडता परत येतो.