मृत समजण्याचा अर्ज

भास्करराव लहरीपुऱ्याजवळ राहत आणि विम्याची एजंटी करत. बडोद्यात तेव्हा विम्याचं नाव काढलं की लोक "आमच्या मरणावर पैज लावता काय?" म्हणून दारातूनच वाटेला लावत. भास्करराव चिडत नसत. ओट्यावर बसून समजावत: दरवर्षी भरायचा तो हप्ता, माणूस गेल्यावर रक्कम ज्याच्या हाती पडते तो वारस, ती रक्कम मागायची म्हणजे दावा.

जयवंतरावांचा विमा त्यांनीच उतरवला होता. उंच, उजवा पाय किंचित ओढत चालणारा माणूस. तो आफ्रिकेत मोंबासाला नोकरीला गेला आणि वर्षभरात त्याची पत्रं थांबली. बायको अहल्याबाई मात्र शिवणकाम करून लेक दुर्गाला वाढवत हप्ते भरत राहिली.

सात वर्षं उलटल्यावर एका दुपारी भास्करराव कागद घेऊन तिच्या माडीवर गेले.

"सात वर्षं ज्याची खबर नाही, त्याला कायदा मृत समजतो," ते म्हणाले. "कोर्टात अर्ज करायचा. निकाल हाती आला की दावा करता येईल. दुर्गाचं शिक्षण होईल."

"समजतो म्हणजे? खरंच गेले असं नाही ना?"

"नाही. तसं धरून चालायचं."

चार वाजले. जिन्यात पावलं वाजली, सावकाश, एक पाय ओढत. दाराबाहेर कोणीतरी खोकलं. भास्कररावांनी तो खोकला ओळखला. त्यांनी उठून दार उघडलं. जिना रिकामा होता.

"रोज येतात," अहल्याबाई म्हणाली. तिने चहाचा पेला उंबऱ्याशी ठेवला. "हप्ता चुकला तर येणं थांबेल, म्हणून कधी चुकवला नाही. आता सही केली, तर?"

आतल्या खोलीत दुर्गा मोठ्याने धडा वाचत होती. अहल्याबाई बराच वेळ ते ऐकत राहिली. मग तिने टाक मागून घेतला.

सही पुरी होताच उघड्या दाराबाहेर पावलं वळली. एकेक पायरी उतरत गेली, पाय तसाच ओढत, पण घाईने. उंबऱ्यावरच्या चहावर साय धरली.

वर्षभराने रक्कम मिळाली. दुर्गा शिकून शिक्षिका झाली. कोर्टाने विधवा ठरवलं तरी अहल्याबाईने कुंकू पुसलं नाही. पावलं पुन्हा कधी आली का, असं भास्कररावांनी एकदा भीत भीत विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही सही मागितलीत, मी दिली. त्यांना कोणी विचारलंच नाही."

तसला अर्ज भास्कररावांनी पुढे कोणासाठीही लिहिला नाही.