चेनसॉत घुसणारी हवा

मला कशातही नाक खुपसायची खोड आहे आणि सासरवाडीला ती चांगलीच ठाऊक आहे. घोडेगावच्या वर, डोंगरातल्या त्या घरी गेलो की चहाच्या आधी एखादं बिघडलेलं यंत्र पुढ्यात येतं. त्या उन्हाळ्यात सासऱ्यांचा चेनसॉ, म्हणजे फांद्या कापायची पेट्रोलवरची करवत, आली. तिचा पिस्टन सिलेंडरला घासून पार अडकलेला.

मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, उजवा खांदा कामातून गेला होता. भाताची रोपं टाकायच्या आधी राब भाजायचा, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळायचा, त्यासाठी फांद्या तोडून वाळवायच्या, आणि कोयता तर आता त्यांना उचलत नव्हता. सगळी भिस्त त्या मशीनवर. भोसरीत कामाला असलेला मेव्हणा बजावून गेला होता, "आता परत बिघडलं तर भंगारात घालायचं आन् खाचरं पड टाकायची." मामांनी मात्र नवा पिस्टन आणवला आणि प्रसाद द्यावा तसा दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

इंजिन मी ओट्यावर जुळवलं. सुरूही झालं. पण रेस सोडली तरी आवाज उतरेना, उलट चढतच गेला. मी झटकन बंद केलं.

"लई जोरात चालतंय की, पावणं!" मामा खूश.

"मामा, ते जोरात नाही, मरायला टेकलंय."

बाहेरची हवा कुठूनतरी आत घुसली की तिच्या मानानं पेट्रोल अपुरं पडतं. ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं, म्हणजे तेही कमी. पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि अडकतो. तसंच रानात नेलं असतं तर नव्या पिस्टनचीही तीच गत झाली असती.

हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर मला तिच्या मागे लागायला आवडतं. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून त्यांची तोंडं मी सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी बंद केली. एक जुना स्पार्क प्लग फोडून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, तो इंजिनावर आवळला आणि पंपानं जपून हवा भरली. बायकोनं वाटीत साबणाचा फेस करून दिला. कुठंतरी पाणी मुरतंय म्हणतात, इथं हवा मुरत होती, आणि तो फेस तिची चुगली करणार होता.

माझा संशय क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, दोन सीलवर. तिथं फेस लावला, ढिम्म. दुसरं सील, ढिम्म. इंजिन ताकास तूर लागू देईना. मग सिलेंडरच्या बुडाशी ब्रश फिरवला आणि एका बाजूला मोहरीएवढे बुडबुडे रांगेनं वर आले. मला असा आनंद झाला की मी मामांना हाताला धरून खाली बसवलं आणि ते दाखवले.

सिलेंडर उचलला. खालचं पॅकिंग, म्हणजे सांध्यातली फट बुजवणारा पुठ्ठा, मामांनी कापलेलं होतं आणि मी ते न बघताच बसवलं होतं. या जुन्या मॉडेलचं तयार पॅकिंग मिळेना, म्हणून मीच त्यांना म्हणालो होतो, जाड गुळगुळीत पुठ्ठा घ्या. त्यांनी पेटीतली आमचीच लग्नपत्रिका घेतली होती. पॅकिंगवर फुगीव सोनेरी अक्षरं होती: "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!" त्या अक्षरांच्या उंचवट्यांमधून हवा आत येत होती. हवेनं आमंत्रण मनावर घेतलं होतं.

"मामा, एवढ्या मोठ्या पत्रिकेत हीच जागा सापडली?"

"मग कात्री कुठं लावू? वर गणपती, त्येच्या खाली कुलदैवत. मदी तुमी दोघं, तुमच्या नावावं कात्री घालू व्हय? खाली कैलासवासी थोरलं. पोरांचंच तेवढं ऱ्हायलं व्हतं."

मी उरलेली पत्रिका मागून घेतली आणि उलटसुलट केली. सपाट छपाईची एकच जागा उरली होती, निमंत्रकाची. तिथं मामांचं नाव होतं, गावासकट. बायको वडिलांकडे बघत हळूच म्हणाली, "आबांचं नाव छापलेलं असं तेवढंच आहे." मग मी म्हणालो की घोडेगावला जाऊन पॅकिंगचा कागद बघतो, एखादा दिवस गेला तर जाऊ दे. मला खरंच तसं करायचं होतं.

मामांनी पत्रिका माझ्या हातातून घेतली. आपल्या नावावरून अंगठा फिरवला आणि कात्री माझ्याकडे सरकवली.

"कापा, पावणं. जिमीन पड ऱ्हायली तर त्ये नाव ठिवून काय करू?"

मी कापलं. मामांचं नाव मधल्या भोकात गेलं, आडनाव तेवढं सिलेंडरखाली राहिलं. पुन्हा हवा भरली, फेस लावला, आणि कितीतरी वेळ आम्ही तिघं त्या फेसाकडे बघत राहिलो. एकही बुडबुडा आला नाही. मशीन जोडून सुरू केलं, रेस सोडली, आणि आवाज मुकाट खाली उतरला.

नावाचा तो कापलेला गोल तुकडा मी उचलून खिशात टाकला. मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मशीन डाव्या हातात घेतलं आणि झाडांकडे चालू लागले.