सात निपुत्रिक राजे

माझे वडील वर्षातले सहा-सात महिने राजे असत. कार्तिकातली पौर्णिमा झाली, गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या, की ते दशावतारी कंपनीबरोबर बाहेर पडत आणि वैशाख सरत आला की परत येत. उरलेले महिने ते दुसऱ्यांच्या शेतात चिखल करत आणि कोणाशी फारसं बोलत नसत. माझ्याशी तर नाहीच. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. तेव्हापासून मी मालवणजवळच्या एका किनाऱ्यावरच्या गावात आतेकडे राहत होते. आते विधवा होती, दिवसभर काथ्याचं सुंभ वळायची आणि तिला बोलण्यापेक्षा सुंभ वळणं आवडायचं. घरात दोन माणसं आणि शब्द मोजून दहा, असा आमचा संसार.

सन ब्याऐंशी असेल किंवा त्र्याऐंशी. मी पाचवीत होते. आमचं घर एस.टी.च्या थांब्यासमोर होतं, आणि हिवाळ्यात सकाळच्या पहिल्या गाडीतून रात्रभर जत्रेत जागलेली माणसं तांबारलेल्या डोळ्यांनी उतरायची. त्यातली कोणी ना कोणी मला बघून म्हणायची, “गो, काल तुझो बापूस काय बोललो! राजा म्हणजे राजा.”

मला त्यांचा भयंकर हेवा वाटायचा. माझ्याशी बाबा “जेवलंस?” आणि “झोप आता” याच्या पलीकडे जात नसत, आणि या परक्या माणसांसमोर ते रात्रभर बोलत होते. मी स्वतः त्यांना राजा झालेलं कधी धड पाहिलंच नव्हतं. जत्रेला नेलं तरी सुरुवातीचा गणपती नाचून जायच्या आत माझी मान पडायची आणि जाग यायची तेव्हा राजा तोंड धूत असायचा.

तर मी ठरवलं, आपण बाबांच्या राज्याचा इतिहास लिहायचा. शाळेची एक दोनशे पानी वही होती. तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि थांब्यावर उभी राहू लागले.

दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. संध्याकाळी कंपनीचा मालक गोष्ट सांगतो, राजा कोण, राक्षस कोण, मरायचं कोणी, एवढं ठरतं. बाकी तोंड रंगवून बाकड्यावर, म्हणजे सिंहासनावर, बसल्यावर तोंडाला येईल ते. नगरी कुठली, पणजोबांनी कोणाला जिंकलं, प्रधान कसा मिळाला, हे सगळं बाबा तिथल्या तिथे बोलत. पण मी दहा वर्षांची होते आणि माझा पक्का समज होता की माणूस बोलतो म्हणजे त्याच्या मनात कुठेतरी ते सगळं ओळीने लावून ठेवलेलं असतं. आपण फक्त गोळा करायचं.

माझे साक्षीदार दोन. एक मासे विकणारी मावशी, जिला नाटकाचा असा नाद की टोपली रिकामी झाली की तीच टोपली पालथी घालून त्यावर बसून नाटक बघायची. दुसरा कणकवली गाडीचा कंडक्टर. तो नाटकं बघायचा कमी आणि ऐकायचा जास्त, पण गाडीत ऐकलेलं सगळं त्याला पाठ असायचं.

पहिल्याच पंधरवड्यात माझ्या नाकी नऊ आले. कंडक्टरने सांगितलं, कणकवलीला राजा युद्धात पडला, बायका पदराने डोळे पुसत होत्या. चार दिवसांनी मावशी दोडामार्गाकडच्या बहिणीकडे जाऊन आली, तर तिथे राजा जिवंत, आणि वर त्याने लग्नही केलेलं. मी म्हटलं, असं कसं? मेला ना तो? मावशी म्हणाली, “मेलो तर मेलो. काल बरो होतो.”

मी दोन दिवस विचार केला आणि मग मला सुचलं. राजा एक नव्हता. घराणं होतं. चेहरा एक, कारण वंश एक. त्यांची नावं कोणालाच आठवत नसत. विचारलं की, “राजा गो, तुझो बापूस,” एवढंच उत्तर यायचं. म्हणून मीच त्यांना ओळखीपुरती नावं दिली. पहिला, कणकवलीत पडलेला. दुसरा, दोडामार्गात लग्न केलेला. तिसरा, ज्याने राक्षसाला हसवून मारलं. चौथा आंधळा, पण बाणाने फुलपाखराचा पंख कापणारा. पाचव्याने दुष्काळात आपलं सिंहासन फोडून प्रजेच्या चुली पेटवल्या. सहावा बारा वर्षं एका पायावर उभा राहिला. सातवा नुकताच गादीवर आला होता, त्याची माहिती येत होती.

मी नकाशासुद्धा काढला. समुद्राबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं, पण मी समुद्र घातला. समुद्र नसलेला देश मला दिसेचना. राजवाड्यासमोर एस.टी.चा थांबा काढला होता, तो नंतर खोडला.

आतेला हे सगळं दिसत होतं. ती एकदाच म्हणाली, “इतक्या लिवतंस तर शाळेचा कधी करतलंस?” मी शाळेचंही करायचे. शाळेत माझ्याशेजारी कोणी बसत नव्हतं असं नाही, पण घरी सांगावं असं तिथे काही घडायचं नाही, आणि घरी ऐकायला कोणी नव्हतं. वहीत मात्र रोज काहीतरी घडायचं. दिवेलागणीला मी सातही राजे सुरुवातीपासून मोठ्याने वाचायचे, बाबांचा आवाज कसा असेल याचा अंदाज घेत.

असं वाचतानाच एकदा लक्षात आलं. पहिला राजा निपुत्रिक. दुसऱ्याने लग्न केलं ते पहिल्या राणीला मूल नाही म्हणूनच. तिसरा, चौथा, पाचवा, तसेच. सहावा एका पायावर उभा राहिला तोही मुलासाठी. मी बोट ठेवून ठेवून बघितलं. सातांपैकी एकालाही मूल नव्हतं. मग वंश चालला कसा, हा प्रश्न इतिहासकाराला पडायला हवा होता. मला तो पडला नाही. मला एवढंच वाटलं की बाबा गावोगाव, शेकडो माणसांसमोर, हात वर करून सांगतायत की आपल्याला कोणी नाही.

मी मावशीला मुलीचं विचारलं, “एकाही राजाक चेडू कसा नाय?”

ती हसली. “राजाक चेडवां जातत काय गो? ती आपल्यासारख्यांका.”

मग मी कंडक्टरला गाठलं. कंपनीचा मुक्काम तेव्हा कणकवलीजवळच्या नांदगावच्या बाजूला होता. म्हटलं, बाबांना निरोप द्या, राजाला एक मुलगी असू दे. फार मोठी नको, दहा वर्षांची. त्याने तिकिटांची पेटी सावरत मान डोलावली. दोन आठवडे मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, “सांगलंय गो. तो हसलो आणि तोंड रंगवूक बसलो.” राजाला मुलगी झाल्याची बातमी काही आली नाही.

माघात कंपनी खाडीपलीकडच्या गावात आली. मी आतेला न विचारता दुपारी निघाले, वही पोटाशी धरून, होडीने पलीकडे गेले. देवळाच्या मंडपात सगळी मंडळी झोपली होती. राणी दाढीचे खुंट वाढलेल्या तोंडाने घोरत होती. राक्षस कुशीवर, दोन्ही हात गालाखाली. बाबा खांबाजवळ होते, आणि त्यांच्या कानामागे पांढरा रंग तसाच राहिला होता. मी शेजारी बसले. उठवलं नाही. दोन तास तरी गेले असतील, आणि खरं सांगते, त्या वर्षातले ते माझे सगळ्यात चांगले दोन तास होते.

जाग आल्यावर ते दचकले. “आते बरी आसा मा?” हा पहिला प्रश्न. मग मी वही पुढे केली. त्यांना वाचायला वेळ लागायचा, म्हणून मीच वाचून दाखवली. ते पाठ टेकून ऐकू लागले. सिंहासन फोडून चुली पेटवल्या, तिथे त्यांनी मला थांबवलं.

“ह्या मी म्हटलंय?”

“व्हय. आचऱ्याच्या जत्रेक.”

“बरा म्हटलंय.” त्यांना काहीच आठवत नव्हतं. ना फुलपाखरू, ना हसून मेलेला राक्षस. रात्री बोलायचं आणि सकाळी तोंडाबरोबर धुऊन टाकायचं, असा त्यांचा हिशेब. त्या सगळ्या राज्याची एकच प्रत होती आणि ती माझ्या मांडीवर होती. मला अभिमान वाटला आणि रडूही आलं.

सातवा राजा संपल्यावर मी विचारलं, “बाबा, राजाक चेडू कित्याक नाय?”

त्यांनी चेष्टेवारी नेलं नाही. खरंच विचार केला. मग म्हणाले, “चेडू आसला तर राजा घराकडेच रवतलो. वनात जायत कित्याक? आणि तो वनात गेलो नाय तर मगे नाटक खंयचा करतलंव?”

“मगे तुमी कशे जातास?”

मी भांडायला म्हटलं नव्हतं. मला समजून घ्यायचं होतं. बाहेर कोणीतरी टेम्पोत पेटारे चढवत होतं आणि मालक एकेकाला हाका मारून उठवत होता. बाबांनी हाताने तोंड पुसलं, कानामागचा रंग बोटांना लागला, तो त्यांनी धोतराला पुसला. “होडी सुटात,” म्हणाले. “काळोख जावच्या आत जा.” मला खाडीपर्यंत पोचवायला ते आले.

घरी आले ती रागातच. आतेने चार बोल सुनावले, ते ऐकून घेतले आणि दिव्याजवळ वही उघडली. ‘आठवा राजा’ असा मथळा घातला. खाली लिहिलं, ‘या राजाला एक मुलगी होती.’ तिला रंग देताना मजा आली. केस लांब, कानात कुड्या, घोडा पांढरा. मग राजाला युद्धावर पाठवायची वेळ आली. पेन्सिल हातात घेऊन मी बसून राहिले. युद्धावर पाठवेना. वनात पाठवेना. राक्षस वेशीपर्यंत आणला आणि परत नेला. मावशी दुसऱ्या दिवशी नव्या नाटकाची बातमी घेऊन आली, पण मी काही विचारलं नाही, आणि तिलाही वाईट वाटलं असावं.

वही अजून माझ्याकडे आहे. आठव्या राजाखाली एक ओळ आहे: ‘तो घरीच राहिला.’ त्यापुढची सगळी पानं कोरी आहेत.