टेकडीवरची बाटली

तक्रार घेऊन कोणी आलं की साहेब त्याला आधी खुर्ची द्यायचे, मग हातात एक बारीक नळी द्यायचे आणि म्हणायचे, "ओढा."

माणूस भांबावायचा. नळाला पाणी का येत नाही, हे विचारायला तावातावाने आलेला गृहस्थ, आणि त्याच्या हातात नळी! "अहो ओढा हो. निळीचं पाणी आहे, तेवढं पोटात जाऊ देऊ नका." बिचारा ओढायचा. समोरच्या फळीवर सगळ्यात उंचावर ठोकलेल्या बाटलीत पडणारी धार तत्क्षणी बंद व्हायची. मग साहेब अगदी शांतपणे म्हणायचे, "ही तुमची मोटर. आणि ती वरची बाटली म्हणजे टेकडीवरची माणसं. आता बोला, काय तक्रार आहे?"

तुम्ही त्या काळात डोंबिवलीत राहिला असाल तर मोटर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. नळाला थेट मोटर जोडून लाइनमधलं पाणी खेचून घ्यायची साथच आलेली. एका बिल्डिंगने लावली की शेजारची कशी मागे राहील? मी पाणीखात्याच्या ऑफिसात नकाशे गिरवायचं काम करायचे आणि साहेब आमचे इंजिनिअर होते. स्वभावाने गरीब, पण एकदा त्या फळीपाशी उभे राहिले की कोणाच्या बापाला ऐकायचे नाहीत.

ती फळी त्यांनी स्वतः बनवलेली. कपाटावर तेलाचा रिकामा डबा, ती पाण्याची टाकी. एका डॉक्टर मित्राकडून मागून आणलेल्या सलाइनच्या नळ्या, त्या पाइपलाइनी. सलाइनच्या नळीला थेंब कमीजास्त करायची चाकी असते ना, ती झाली व्हॉल्व्ह. आणि औषधाच्या बाटल्या म्हणजे आमचं गाव. कुठला भाग उंच, कुठला खोलगट, हे माझ्या नकाशांवरून बघून बाटल्या तशाच वरखाली ठोकलेल्या. कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा हे ठरवायचं असलं की साहेब दोन चाक्या फिरवायचे आणि बाटल्या भरेपर्यंत चहा प्यायचे. ऑफिसात त्या प्रकाराला सगळे 'दवाखाना' म्हणायचे. शिपाईसुद्धा विचारायचा, "साहेब, आज पेशंट कसा आहे?" साहेब मान हलवायचे, "टेकडी सिरियस आहे रे."

फळी गळायची मेली सारखी. माझे किती नकाशे निळे करून ठेवले असतील, विचारू नका.

पण मला त्या फळीवर रागावता यायचं नाही, कारण सगळ्यात वरची बाटली ती आमची. टेकडीवरच्या बैठ्या चाळीत आम्ही राहायचो. चाळ ज्यांची, त्या मालकीणबाई तिथल्याच, आगरी. आवाज असा, की पायथ्याच्या रिक्षा थांबाव्यात. मी ऑफिसातून दमून आले की त्या ओट्यावर बसलेल्याच असायच्या. "तू पान्याचे हापिसान जातं न् घरान पानी नाय. काय उपेग तुजा?" मी हंडा घ्यायचे आणि टेकडी उतरायला लागायचे.

एका उन्हाळ्यात तर आमचा नळ नुसता फुसफुसायला लागला. टेकडीची लाइन कायमची बंद करायची आणि वर टँकर पाठवायचा, असं वरिष्ठांचं जवळजवळ ठरलं. टँकर म्हणजे काय, हे टेकडी चढणाऱ्यांना विचारा. आज येणार म्हणतो, परवा येतो, आणि आला की निम्म्या बायकांच्या झिंज्या निम्म्या बायकांच्या हातात. मी हादरलेच. साहेब म्हणाले, "घाबरू नका. एक मिटिंग मागून घेतलीय. फळीसमोर."

मिटिंगला वॉर्डावॉर्डातली पुढारी मंडळी आली, सोसायट्यांचे सेक्रेटरी आले. साहेबांनी भाषण केलंच नाही. प्रत्येक बाटलीवर एक लाल रेघ मारली होती. म्हणाले, "सगळ्या बाटल्या रेघेपर्यंत भरून दाखवा. नाही जमलं तर टँकरवाल्याला मीच बोलावतो. घ्या, चाक्या तुमच्या हातात."

काय सांगू तुम्हाला! इस्त्रीचे कपडे घातलेली मोठमोठी माणसं लहान पोरांसारखी त्या फळीवर तुटून पडली. "अरे, तुझी बंद कर ना!" "माझीच का? तूच आधी कर!" स्टेशनजवळची बाटली भरून ओसंडली, एका पुढाऱ्याचं पांढरं शुभ्र धोतर निळं झालं. बरीच हमरीतुमरी झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं, की आधी फक्त टेकडीची चाकी उघडायची, बाकी सगळ्या बंद. टेकडी भरली की मग खालच्यांना सोडायचं. तसं केलं आणि वरची बाटली रेघेपर्यंत भरली. टाळ्या पडल्या. मी तर तोंडात पदर धरून उभी.

साहेबांना आनंद मावेना. आणि आनंद झाला की माणूस नको ते बोलतो. म्हणाले, "माझंच घर बघा. तिसरा मजला. आमच्या भागाची वेळ बदलल्यापासून स्वयंपाकघरात धो धो पाणी! हे सगळं या फळीने शिकवलं."

त्यांच्याच सोसायटीचे सेक्रेटरी मागे बसलेले. ते खाकरले.

"साहेब, ती मोटर आहे."

"कसली मोटर?"

"आपली. सोसायटीची. दिवाळीनंतर बसवली ना. वहिनींना माहीत आहे."

असा हशा उसळला, की शिपाई धावत आत आला. साहेबांना खरंच ठाऊक नव्हतं हो. पाण्याच्या वेळेला हा माणूस कधी घरात असायचाच नाही, दुसऱ्यांचे नळ बघत गावभर फिरायचा. घरात पाणी येतंय एवढंच त्यांना कळलेलं, आणि त्याचं श्रेय त्यांनी स्वतःला देऊन टाकलेलं.

साहेब वळले. फळीवरची नळी उचलली, स्वतःच्या तोंडात धरली आणि ओढली. टेकडीची धार थांबली. त्यांनी नळी बाजूला केली. ओठ निळे झालेले.

"हा मी," ते म्हणाले.

मग कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली मोटर निघाली ती साहेबांच्या बिल्डिंगची, तीही आमच्याच लाइनीवरची. त्यानंतर बाकीचे कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? कुरकुरत का होईना, आमच्या लाइनीवरच्या सगळ्या निघाल्या. आमच्या नळाला करंगळीएवढी का होईना, धार लागली. मालकीणबाईंनी नळाला हळदकुंकू वाहिलं.

साहेबांच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र पाणी चढेना. रोज सकाळी पायजमा आणि बनियन घालून साहेब खालून बादल्या वर न्यायचे. सोसायटीतलं कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. "वहिनी बोलतात ना?" मी एकदा विचारलं. "बोलते," साहेब म्हणाले, "न बोलती तर बरं होतं."

पुढे साहेब रिटायर झाले आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर आला. पाणी कुठे, कधी सोडायचं ते आता पडद्यावर दिसायचं. मला वाटलं, साहेबांना वाईट वाटेल. कसलं काय! बघायला म्हणून आले आणि दुपारभर त्याच्यासमोरून हलले नाहीत. ऑपरेटरला सारखे विचारायचे, "आता ही बंद करून दाखवा. आता ती." जाताना मला म्हणाले, "हा पेशंट झकास आहे. गळत नाही."

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी ते गेले. हार्ट अटॅक. निरोप टेकडीवर पोचला तेव्हा आमच्याकडे पाणी यायची वेळ झालेली, बायका कळश्या लावून उभ्या होत्या. मी रडतच बाहेर आले आणि सांगितलं. मालकीणबाईंनी हातातली कळशी खाली ठेवली. मग त्या पुढे झाल्या आणि नळासमोर उभ्या राहिल्या.

"आज कोनी नल सोरायचा नाय. सायबाचे घरान मानसा येतील. पानी खाली जाऊ दे."

एकही बाई कुरकुरली नाही. पोरं पळाली, बाकीच्या चाळींत सांगून आली. रिकाम्या कळश्या परत घरात गेल्या.

मी साहेबांकडे पोचले तर घर माणसांनी भरलेलं. वहिनी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या, कोरड्या डोळ्यांनी. इतक्यात आतून नळाचा फसफस आवाज आला आणि त्या सवयीने उठल्या. मी मागोमाग गेले. स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी आलं होतं, चांगली जाड धार.

"आज वर कसं चढलं हो?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "टेकडीवर सगळ्यांनी नळ बंद ठेवलेत, वहिनी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी धारेखाली हात धरला आणि तिथेच ओट्यावर डोकं टेकवून मोठ्याने रडल्या. मीही रडले. साहेबांच्या घरात नळ तसाच वाहत होता, आणि तो बंद करायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही.