मास्तरांचा मित्र

बारा फेब्रुवारी, सकाळी सात वाजता शेजारचे मास्तर माझ्या फाटकाशी थांबले. ते सरकारी शाळेत शिकवतात आणि खासगी शाळांना दुकाने म्हणतात. त्यांच्या शब्दावर आमच्या गढा वस्तीतील अनेकांनी आपली मुले सरकारी शाळेत घातली आहेत. दर फेब्रुवारीत मात्र त्यांच्या एका मित्राला कराची अडचण येते, आणि मी कराची कामे करत असल्याने ते मला विचारायला येतात.

“काकाजी, त्या मित्राची पोरगी प्रायव्हेटमध्ये शिकून राहिली. फीवर टॅक्समध्ये सूट भेटते न?”

“ट्यूशन फीवर मिळते.”

“अन् बसच्या?”

कोपऱ्यावर उभ्या असलेल्या शाळेच्या बसमधून त्यांचीच मुलगी ओरडली, “पप्पा, मेरा टिफिन!”

मास्तरांनी हातातला गुलाबी डबा हळूच पाठीमागे नेला.

“मित्राला सांगा, बसवर सूट नाही,” मी म्हणालो. मग डबा त्यांच्या हातून घेतला आणि बसच्या खिडकीतून आत दिला.