खालून उत्तर आल्याशिवाय

भुतंखेतं, भास, संकेत... या सगळ्याची मी कायम टर उडवत आले. मी इंजिनिअर. नवी मुंबईतल्या एका कंपनीत आत्मघाती ड्रोन बनवणाऱ्या टीममध्ये होते. लहानसंच यंत्र — आकाशात घिरट्या घालतं आणि लक्ष्य सापडलं की स्वतःच त्यावर जाऊन आदळतं. त्याच्या कॅमेऱ्याचं काम माझ्याकडे होतं, आणि मला त्याचा अभिमानही होता. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

आधी काकांबद्दल. नागावला आमची नारळाची वाडी आहे. आईबाबा नोकरीसाठी बाहेर, मला वाढवलं काकांनीच. ते स्वतः माडावर चढायचे. घड तोडण्याआधी वरून ओरडायचे, "कोण हाय गो खाली?" मी चहूकडे बघून "कोण न्हाय!" म्हटल्याशिवाय त्यांचा कोयता चालत नसे. मी खेळात रमले तर बिचारे वर तसेच ताटकळायचे.

नोकरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आणि तिथं खालून उत्तर कोण देतं, बाय?"

"काका, कॅमेरा असतो!" मी हसले. तेही हसले. पुढे काका गेले... तो विषय तिथेच राहिला.

त्यानंतरची चाचणी. उरणच्या पुढे, खाडीलगतचं ओसाड खाजण, भर दुपार. लक्ष्य म्हणजे पत्र्याची रिकामी शेड. ड्रोनमध्ये स्फोटकं नव्हती, पण त्या वेगाने अंगावर आला तर माणूस वाचणार नाही. परिसर मोकळा असल्याचं वायरलेसवर कळलं होतं. माझ्या स्क्रीनवरही कोणी नव्हतं. शेवटचा होकार माझा. बोट बटणावर ठेवलं, आणि हेडफोनमध्ये, अगदी कानाशी —

"कोण हाय गो खाली?"

काकांचा आवाज. माडावर चढल्यावर लागायची तशी धाप लागलेला. "कोण न्हाय" म्हणायला मी तोंड उघडलं, पण म्हणणार कशाच्या जोरावर? मी बघितलं कुठे होतं? फक्त स्क्रीन बघितली होती. मी ड्रोन मागे फिरवला. साहेब भडकले, "अरे, क्या हुआ?" त्यांना काय सांगणार, कप्पाळ! म्हटलं, एकदा शेड तपासू या, आणि तपासायला निघालेल्या माणसांमागोमाग मीही धावले.

आत सावलीला एक कोळीण झोपली होती. खाडीत तिसऱ्यांचे शिंपले गोळा करून दमलेली, उशाशी टोपली. आम्हाला बघून दचकून उठली.

"जरा आंग टाकलेला. काय झाला गो बाय?"

मी तिच्याशेजारीच बसले.

हेडफोनचं रेकॉर्डिंग मी पुन्हा पुन्हा ऐकलंय. काकांचा आवाज त्यात नाही.

होकाराआधी जमिनीवरून माणसाचं उत्तर यायला हवं, असं मी सुचवून पाहिलं. लढाईत खाली आपलं माणूस कुठून आणणार, साहेब म्हणाले. तेही खरंच. ड्रोन पास झाला, विकलाही गेला. मी नोकरी सोडली, पण त्यातला कॅमेरा माझाच आहे, याचं फार वाईट वाटतं.

बातम्यांत तशा ड्रोनचे व्हिडिओ येतात. घिरट्या, एखादं छप्पर, मग पांढरी स्क्रीन. मी आवाज मोठा करून ऐकत बसते. त्या दिवशी काकांनी कसं विचारलं, हे मला अजून उलगडलेलं नाही. आणि बाकीच्या ठिकाणी ते का विचारत नाहीत, हेही.