लॅमिनेशन केलेलं कार्ड

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. निवृत्तीच्या जरा आधी औरंगपुऱ्यातल्या एका ओळखीच्या दुकानदाराचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला.

"साहेब, एक आदमी कार्ड विकायला आलाय. खाली कुण्या पोरीचं नाव छापलंय. मामला ठीक नाही दिखता."

मुलं जमवतात तसलं खेळाचं कार्ड. कंपनीनं चित्रस्पर्धा घेतली होती. जिंकलेलं चित्र कार्डावर छापून फक्त विजेत्याला दिलं होतं, म्हणून शौकीन लोक त्यामागे वेडे. नाव कन्नड तालुक्यातल्या एका मेंढपाळाच्या मुलीचं होतं. विकणारा तिचाच चित्रकलेचा शिक्षक, शहरात उस्मानपुऱ्यात क्लास चालवणारा; पोर दर रविवारी एसटीनं तिथं यायची.

कार्ड जप्त करून त्याला ठाण्यात आणलं. गृहस्थ अगदी निवांत. "तिला दोन मिळाली होती. एक तिनं मला भेट दिलं, दुसरं तिच्या घरी आहे. खात्री करा."

मी बापलेकीला बोलावून घेतलं. बापानं बंडीच्या खिशातून कार्ड काढलं. "सरांनी पदरमोड करून लॅमिनेशन करून दिलं, साहेब. लई भला माणूस."

आपल्याकडे जपायची वस्तू म्हटली की लॅमिनेशन, मग ते रेशनकार्ड असो की दहावीची मार्कशीट. त्या भल्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं.

"तुला कार्डं किती मिळाली?" मी मुलीला विचारलं.

"एकच."

जप्त केलेलं कार्ड तिला दाखवलं. तिनं ते तिरकं धरलं तशी चित्रातली मेंढरं चमकली आणि पोर रडायलाच लागली. "हेच माझं! घरचं चमकत नव्हतं. मला वाटलं, लॅमिनेशननं चमक गेली."

पंचांसमोर घरच्या कार्डाचं प्लास्टिक ब्लेडनं उघडलं. आत साधी रंगीत झेरॉक्स निघाली.

आता तरी मान खाली जाईल, असं वाटलं. पण गृहस्थ म्हणतो, "साहेब, मेंढरामागं हिंडणाऱ्यांना काय फरक पडतो?"

नोकरीत खिसेकापू, दरोडेखोर सगळे पाहिले. इतकी चीड कुणाची आली नाही. फसवणुकीचा गुन्हा नोंदवून त्याला आत टाकलं.

पुढे कोर्टाच्या आदेशानं कार्ड परत देताना बापानं हात जोडले. "कार्ड घावलं साहेब. आता चित्र शिकायला पोरीला कुणाच्या हवाली करू?"

मुद्देमाल मालकाच्या हाती दिला की प्रकरण मिटलं, असं मी नोकरीभर समजत आलो होतो. नंतर मुद्दाम चौकशी केली, तर पोरीनं चित्रं काढणंच सोडलं होतं. त्यासाठी त्या माणसावर कोणतं कलम लावायचं होतं?